चार लाइनी चालू

खोदादाद शेठनी काउंटरखालून नानांची कॅनव्हासची पिशवी काढली, वरची धूळ फडक्याने पुसली, आणि माझ्या हातात देण्याऐवजी ती स्वतःच धरून उभे राहिले.

"त्या संध्याकाळी इथेच राहिली," ते म्हणाले. "घरी पोचवणार होतो मी. पण तुझ्या आईसमोर ही घेऊन उभा कसा राहू, तेच समजेना."

नानांचा तेरावा होऊन गेला होता. पुण्याहून मी महिन्याची रजा काढून आले होते, आणि घरात बसवत नव्हतं म्हणून पिशवी आणायच्या निमित्ताने बाहेर पडले होते. मेहेरबान रेस्टॉरंट देवळाली कॅम्पच्या बाजारात, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सकाळची गर्दी ओसरली होती. भिंतीशी ज्यूकबॉक्स उभा होता, आणि त्याच्या काचेवर शेठनी एक जुना टेबलक्लॉथ टाकला होता.

"बंद केलात?" मी विचारलं.

"बंद नाही. बिघडलाय." ते जरा अडखळले. "शैला, तुझ्या वडिलांच्या हाताबद्दल मी काही बोलणार नाही. वीस वर्षं त्यांनी ह्याला जगवला. पण शेवटचं काम त्यांचं... चारच गाणी वाजतात. तीही भलतीच. राहू दे. आता काय त्याचं."

राहू देण्यासारखं ते नव्हतं. कारण त्या संध्याकाळी नाना इथे, ह्या ज्यूकबॉक्ससमोर बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते रेल्वेच्या रुळांवर सापडले होते.

पोलिसांनी अपघात लिहिला. लोक आमच्या घरात दुसरा शब्द उच्चारत नव्हते, पण तो ओठांशी आणून गिळताना दिसत होते. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या समोर, जिथून आता कुणी येत-जात नाही, तिथे ते सापडले. त्याच एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली होती. नवं एक्स्चेंज बाजारात आल्यापासून ती इमारत ओस पडलेली. खिडक्यांच्या चौकटीसुद्धा लोकांनी नेलेल्या. माणूस शेवटी आपल्या जागेवर जातो, असं माझा चुलतभाऊ कुणाला तरी सांगत होता, ते मी ऐकलं. फाटकवाल्याने पोलिसांना सांगितलं होतं, की थेटेसाहेब भराभर चालत होते, गाडीने शिट्टी दिली तरी त्यांनी मान वळवली नाही. ह्या वाक्याचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावत होता.

दहाव्याला नाशिकला गोदेच्या काठी पिंड ठेवल्यावर कावळा बराच वेळ शिवला नाही. चुलतभावाने सगळी वचनं दिली: काकूला सांभाळू, शैलाकडे लक्ष ठेवू, घर मोडणार नाही. कावळे समोरच्या कठड्यावर बसून राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. आई तिथे नव्हती, पण असल्या गोष्टी घरी पोचायला वेळ लागत नाही.

आई मला त्या प्रकरणाबद्दल एकच वाक्य बोलली होती. मी पुण्याहून पोचले त्या दिवशी ती म्हणाली, "आदल्या रात्री मी त्यांना बोलले." काय बोललीस, असं मी विचारलं, तर तिने मान फिरवली. त्यानंतर ती कामापुरतं बोलायची, जेवायला वाढलं की चार घास खायची, आणि ओट्याशी उभी राहून भिंतीकडे बघत राहायची. नाना आपणहून गेले, आणि तिच्या बोलण्यामुळे गेले, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. तसं नाही, असं मला तिला सांगायचं होतं. पण ते सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

म्हणून मी शेठना विचारलं, की त्या संध्याकाळी नाना कसे होते.

"जसे रोज असत तसे." त्यांनी जरा विचार केला. घुशीने आतल्या वायरी खाल्ल्या होत्या, ते सांगू लागले. नाना तीन-चार दिवस येऊन नवी केबल टाकत होते. त्या संध्याकाळी काम संपत आलं आणि लाइट गेली. सगळ्या कॅम्पातली गेली. शेठनी मेणबत्ती लावून दिली आणि म्हणाले, की उद्या करा, घाई कसली. पण नाना उठले नाहीत. उलट त्यांनी सिगारेटची रिकामी पाकिटं मागितली. "सिगारेट त्यांनी आयुष्यात ओढली नाही. मी म्हटलं, थेटेसाहेब, ह्या वयात नवा शौक? तर हसलेपण नाहीत. कात्री घेऊन बसले."

"पाकिटं कशाला?"

"काय माहीत. विचारलं नाही मी. माणूस कामात असला की मी विचारत नाही."

मी टेबलक्लॉथ काढला आणि मागचं झाकण उघडायला घेतलं. शेठनी एक स्टूल आणून ठेवलं आणि गल्ल्यावर जाऊन बसले.

मी फिजिक्स शिकवते, पण हा ज्यूकबॉक्स मला कॉलेजात कळला नव्हता. शाळेत असताना रविवारी नाना मला इथे घेऊन यायचे. बॅटरीच्या सेलला जोडलेला छोटा बल्ब आणि दोन वायरी, हे त्यांचं तपासणीचं हत्यार. तो बल्ब धरणं हे माझं काम. आईला हे सगळं नापसंत होतं. रविवारची सुट्टी इराण्याच्या हॉटेलात घालवतात म्हणून ती म्हणायची, "एवढी माया आहे तर त्या पेटीला घरीच आणा. सवत म्हणून नांदवीन." नाना म्हणायचे, "अगं, आतून एक्स्चेंजच आहे ते. तिथे माणसं जोडायची, इथे गाणी."

आणि ते खरंच होतं. समोर दहा अक्षरांची बटणं, खाली शून्यापासून नऊपर्यंत दहा आकड्यांची. एक अक्षर, एक आकडा दाबला की आत एक हात फिरायला लागतो. त्याच्या वाटेवर शंभर गाण्यांच्या शंभर जागा आहेत. प्रत्येक जागी पितळेच्या पातळ पानांची एक जोडी. मागितलेल्या गाण्याच्या जोडीत वीज आलेली असते. हाताला ती सापडली की तो थांबतो आणि तिथली तबकडी उचलतो. सापडली नाही तर फिरतो, फिरतो, आणि गप्प होतो.

मी बटणं दाबून बघितली. हात फिरायचा आणि रिकामा परत यायचा. पुन्हा दुसरं अक्षर, दुसरा आकडा, पुन्हा तेच. ए-एक दाबल्यावर एकदाचं गाणं लागलं, पण ते ए-शून्याचं होतं. ए-दोनला ए-एकचं. चार बटणं अशी चालत होती, प्रत्येक एका घराने मागे. बाकी सगळं मुकं.

पिशवीतला बल्ब काढून मी केबलची एकेक तार तपासत गेले. केबल टेलिफोनचीच होती, खात्यातली जुनी. टाके अगदी साफ, मेणाच्या दोऱ्याने ठरावीक अंतरावर गाठी. हात गेला म्हणायला जागा नव्हती. तुटलेली तार एकही नव्हती. आणि तरी बटणांचे आकडे एका घराने सरकलेले होते.

ते कसे सरकले, हे मला कळलं तेव्हा मी बल्ब खाली ठेवला. ह्या यंत्रात आकड्यांची पट्टी शून्यापासून सुरू होते. टेलिफोनमध्ये तसं नसतं. मी लहान असताना नानांनी जुन्या डायलवर माझं बोट फिरवून शिकवलं होतं: एक फिरवला की एक ठोका, नऊला नऊ, आणि शून्याला दहा. "आपल्याकडे शून्य म्हणजे काही नाही, असं नसतं," ते म्हणायचे. "शून्य म्हणजे दहा. म्हणून ते शेवटी येतं." त्यांनी पट्टीच्या पहिल्या जागी एक लावला होता आणि शून्य नेऊन शेवटी, नऊच्या पलीकडे जोडलं होतं. एक्स्चेंजमधला कुठलाही माणूस असंच जोडेल. पण ह्या ज्यूकबॉक्सवर वीस वर्षं काम केलेल्या माणसाने असं कधी जोडलं नव्हतं.

वर्षभरात ते विसरायला लागले होते. मला फोनवर एकदा त्यांनी आत्याच्या नावाने हाक मारली आणि बराच वेळ तशीच मारत राहिले. गॅस चालू ठेवून फिरायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, वय आहे, शुगर आहे. आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

आकडे सरकले ते कळलं, पण त्याने बाकीची गाणी मुकी का, ते कळत नव्हतं. मग मी टॉर्च लावून पितळी पानांच्या कड्याजवळ डोळा नेला.

प्रत्येक जोडीच्या दोन पानांमध्ये एक पट्टी खोचलेली होती. सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याची, नखाएवढी रुंद, कडा सरळ कापलेल्या, बाहेरचं टोक जरासं दुमडलेलं. एकीमागे एक, सगळ्या कड्यावर. सुरुवातीच्या चार जोड्या तेवढ्या मोकळ्या होत्या.

मी एक पट्टी ओढून काढली आणि ते बटण दाबलं. हात बरोबर तिथे येऊन थांबला. सुई टेकायच्या आत मी यंत्र बंद केलं.

बिघाड नव्हताच. त्यांनी स्वतःच्या हाताने, मेणबत्तीच्या उजेडात, एकेक गाणं बंद केलं होतं. घाई नव्हती, पुठ्ठ्याच्या कडासुद्धा वाकड्या गेल्या नव्हत्या. जाण्याआधी घरातले दिवे मालवत जावं, तसं. मला ज्याची भीती होती, ते मला इतक्या नीटनेटक्या रूपात मिळेल असं वाटलं नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला ते खरं होतं. सुरुवातीची चार का सोडली, एवढंच समजत नव्हतं. कंटाळले असतील, किंवा मेणबत्ती संपली असेल.

"सापडलं?" शेठनी गल्ल्यावरून विचारलं.

वायरी एका घराने सरकल्या आहेत, मी म्हणाले, उद्या येऊन करते. पट्टीबद्दल बोलले नाही. ती मी बल्बच्या पत्र्याच्या डबीत टाकली, डबी पिशवीत, आणि घरी निघाले. वाटेत मी ठरवलं, की हे आईला कधीही कळू द्यायचं नाही.

पण आईने पिशवी माझ्या हातातून घेतली. लग्न झाल्यापासून पावसाळा संपला की ती नानांची हत्यारं काढून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवायची. ते तिचं खातं होतं, नानांनासुद्धा त्यात हात घालायची मुभा नव्हती. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून तिने पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आयर्न ओळीने मांडलं. मी स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आले, तोवर डबी उघडलेली होती आणि ती पट्टी तिच्या तळहातावर होती.

"ही कुठली?" तिने विचारलं.

मी काहीतरी म्हणाले. कचरा असेल, असं.

"कचरा नाही. पाचर आहे ही." ती ते दुमडलेलं टोक नखाने वरखाली करत होती. "पण ही पुठ्ठ्याची का? फायबरची असते." मग माझ्याकडे बघून, "कुठे मिळाली, शैला?"

तिचा आवाज असा होता, की खोटं बोलता आलं नाही. मी सांगितलं. ज्यूकबॉक्समध्ये, त्या संध्याकाळी, सिगारेटची पाकिटं कापून. सांगताना मी तिच्याकडे न बघता त्या पक्कडीकडे बघत होते.

"किती लावल्यात?"

"जवळजवळ सगळीकडे. चार सोडून."

"पहिल्या चार?"

मी मान वर केली. "तुला कसं माहीत?"

आईचे ओठ हलत होते, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

"दवाखाना," ती म्हणाली. "मिलिटरी. पोलीस. स्टेशन."

मग तिने मला जे सांगितलं, ते मी त्या घरात वाढूनही ऐकलं नव्हतं, कारण मला कळायला लागेपर्यंत एक्स्चेंजमध्ये जनरेटर आला होता. त्याच्या आधी कॅम्पातली लाइट गेली की एक्स्चेंज बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी पहाटेपर्यंत पुरायची नाही. तेव्हा पाळीवरच्या माणसाने एकेका ग्राहकाच्या जोडीत पाचर खोचून त्याची लाइन बंद करायची. दुकानदार, बंगलेवाले, सॅनिटोरियमवाले, सगळे बंद. पहिल्या चार लाइनी तेवढ्या चालू. ह्या चारांसाठी बाकीच्यांनी एक रात्र मुकं राहायचं, असा तो हिशेब.

"आणि ज्याने लावल्या त्यानेच काढायच्या," आई म्हणाली. "उजाडायच्या आत. दुसऱ्याने हात लावायचा नाही, एखादी राहून गेली तर? एकदा राहिली होती. त्यांच्या हातून नाही, दुसऱ्या कुणाच्या. एका घरात बाळंतीण अडली, आणि त्यांचा फोन लागेना. तेव्हापासून पाचरी लावून आले की ह्यांना झोप नसायची. पाळी संपवून घरी आलेले असले तरी पहाटे उठून जायचे. रेल्वेच्या लाइनीवरून. त्या वेळी सगळे तिथूनच जायचे, फाटकाचा वळसा कोण घेतो."

तिने पट्टी उजेडात धरली.

"बाकीचे मेकॅनिक साध्या पट्ट्या लावायचे. काढायला चिमटा लागायचा. तुझे वडील फायबरचे तुकडे घरी आणायचे आणि मी कापून द्यायची. मीच म्हटलं होतं, टोक दुमडा, नखाने निघेल." ती थांबली. "हे टोक माझं आहे."

हे लिहिताना आता आईही नाही. ती असती तर मला हे लिहिता आलं नसतं. ती म्हणाली असती, की घरातलं आहे, घरात राहू दे. पण त्या दुपारी वर्तमानपत्रावर बसलेली ती मला जशी दिसली, तशी कुठेतरी राहायला हवी असं वाटतं. दोन-तीन आठवड्यांनी पहिल्यांदाच तिचा चेहरा कशाचा तरी विचार करत होता.

"लाइट गेली होती त्या संध्याकाळी," ती म्हणाली. मला नव्हे. मग उठली, पदर सारखा केला. "चप्पल घाल. आपल्याला जायचंय."

आई मेहेरबानची पायरी कधी चढली नव्हती. बायकांनी तिथे जाऊ नये असं काही नव्हतं, पण तिच्या मनात ते हॉटेल म्हणजे नानांचा रविवार खाणारी जागा होती. ती आत आली तेव्हा खोदादाद शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले आणि बसलेच नाहीत. एका टेबलावर तोफखान्यातले दोन तरुण अधिकारी चहा पीत होते; काय समजले कोण जाणे, त्यांनीही आवाज खाली आणले.

"भाभी, मी येणार होतो," शेठ म्हणाले. "माझ्याकडून—"

"असू द्या. कुठे आहे ती पेटी?"

त्यांनी हाताने दाखवलं. आई ज्यूकबॉक्सच्या मागे गेली. झाकण मी उघडंच ठेवलं होतं. तिने चष्मा लावला, मी टॉर्च धरला, आणि ती त्या पितळी कड्याकडे खूप वेळ बघत राहिली. अनुभवी बाई जशी दुसरीचं विणकाम बघते, तसं, एकेक टाका.

"सगळी टोकं बाहेरच्या बाजूला आहेत," ती म्हणाली. "बरोबर लावल्यात."

मग तिने शेठना विचारलं, की जाताना ते काही बोलले का. हा प्रश्न मी सकाळी विचारला नव्हता. ते कसे होते, एवढंच विचारलं होतं. काय बोलले ते नाही.

"बोलले ना. दारात थांबून बोलले. 'दवाखाना चालू ठेवलाय, काळजी नको.'" शेठनी हात पसरले. "मला वाटलं, शुगरच्या औषधाचं म्हणतात. मी म्हटलं, हां, चालू ठेवा, बंद करू नका."

"बरं केलंत," आई म्हणाली.

शेठना त्यातलं काही कळलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली. त्यांनी उरलेल्या गिऱ्हाइकांना हळूच बिलं दिली आणि पुढचं शटर अर्धं ओढून घेतलं.

मी स्टूल पुढे केलं. आई बसली. मी म्हणाले, की पिशवीत चिमटा आहे, देऊ का. तिने नको म्हटलं. पहिली पाचर तिने अंगठ्याच्या नखाने टोकाला धरून ओढली. ती सहज निघाली. तिने ती मांडीवरच्या पदरात टाकली. मग दुसरी. मी टॉर्च सरकवत होते. ज्याने लावल्या त्यानेच काढायच्या, हे तिने तासाभरापूर्वीच मला सांगितलं होतं, पण मी ते बोलले नाही. तिच्याएवढा हक्क दुसऱ्या कुणाचा असणार होता?

मी मनात सगळं जुळवत होते. शून्य शेवटी जोडलं ते लाइट जायच्या आधी; म्हणजे त्या संध्याकाळपूर्वीच ते मनाने अधूनमधून एक्स्चेंजमध्ये पोचत होते. मग अंधार झाला, मेणबत्ती आली, समोर पितळी जोड्यांच्या रांगा. लाइट गेली की एक्स्चेंजमध्ये जे करायचं, तेच त्यांनी केलं. आणि पहाटे ते भराभर चालत होते, मान न वळवता. गावातले सगळे फोन त्यांच्या हाताने बंद होते, आणि उजाडायच्या आत ते काढायचे होते. मला हे मोठ्याने म्हणावंसं वाटलं: आई, ते मरायला निघाले नव्हते, कामावर निघाले होते. पण तिला ते माझ्याआधी समजलं होतं. तिचे हात ते समजल्यासारखेच चालत होते.

निम्मं कडं झालं असेल, तेव्हा ती बोलायला लागली. हात थांबवले नाहीत.

"त्या रात्री उशिरा आले. हात तेलाने काळे. दिवसभरात दूध उतू घालवलं होतं, मोरीचा नळ चालू ठेवला होता, टाकी रिकामी. वर अंधार. मी म्हटलं, तुमचं करून करून मी थकले. आता एकदाचे सुटा, आणि मलाही सोडवा."

मी पुढच्या जोडीवर उजेड नेला.

"असं म्हटलं मी."

"ते काय म्हणाले?"

"काही नाही. जेवले. ताट उचलून ठेवलं. घड्याळाला गजर लावला." तिने एक पाचर ओढली, ती जरा अडकली होती, तिने हलकेच दोन्ही बाजूंनी हलवून काढली. "रिटायर झाल्यापासून त्यांनी गजर लावला नव्हता. मी बघत होते. मला वाटलं, मला सतवायला करताहेत."

बाहेरून एक टांगा गेला. शेठ पलीकडे पाठमोरे उभे राहून कपबशा पुसत होते, आधीच पुसलेल्या.

"गजर झाला तेव्हा मी जागी होते, शैला."

तिने माझं मनगट धरून टॉर्च जरा खाली घेतला आणि पुन्हा कामाला लागली.

"चपला शोधत होते. अंधारात सापडत नव्हत्या त्यांना. खाटेखाली होत्या, मला माहीत होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग सापडल्या असतील. कडी काढल्याचा आवाज आला." ती थांबली. "मी विचारलं असतं, कुठे निघालात, तर त्यांनी सांगितलं असतं. एक्स्चेंजला. मग मला कळलं असतं ना."

अशा वेळी काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. सकाळपासून मला तिच्यावरचं एक ओझं उतरवायचं होतं, आणि ते उतरलं तेव्हा त्याच्याखाली हे होतं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. जे मला खरंच माहीत नव्हतं, ते विचारलं. पूर्वी, ते असे पहाटे पाचरी काढायला जायचे, तेव्हा ती उठायची का?

कड्याचा शेवटचा भाग उरला होता. आईने एक काढली, आणखी एक काढली, पदरातला ढीग जरा सारखा केला.

"नाही," ती म्हणाली. "तू लहान होतीस, कुशीत असायचीस. मी हलले की तू उठायचीस. ते अंधारातच चपला शोधायचे. दिवा लावायचे नाहीत." ती पुढच्या पाचरीचं टोक नखात धरून तशीच बसली. "दारात थांबून म्हणायचे, तू झोप. मी आलोच."